‘तो चांगला मुलगा होता’ याच्या पुढे मुलांना कसं न्यावं?

खटाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे. मुलं गोष्ट घडाघडा सांगतात. कोण कुठं गेलं, काय झालं, शेवट कसा झाला, सगळं बरोबर. पण ‘यातला मुलगा कसा आहे?’ असं विचारलं की वहीत एकच वाक्य येतं, ‘तो चांगला मुलगा होता.’ फार तर ‘प्रामाणिक होता’. राजा-राक्षस नसलेली, साध्या घरातली, शेतातली, शाळेतली गोष्ट असली की मुलं जास्तच गोंधळतात. काय करावं?

बाई, मुलांना माणसं कळत नाहीत असं अजिबात नाही. घरात पैसे कुणाकडं आणि कधी मागावेत, कोणत्या काकासमोर गप्प बसावं, आजीचा राग खरा कोणता आणि वरवरचा कोणता, हे त्यांना मोठ्या माणसांइतकंच कळतं. अडचण दोन ठिकाणी आहे. आपण पहिल्याच प्रश्नात विशेषण मागतो. खरं तर विशेषण हा निष्कर्ष आहे, तो सगळ्यात शेवटी यायला हवा. दुसरं म्हणजे, पहिलीपासून मुलांनी ऐकलेल्या बहुतेक गोष्टी तात्पर्याच्या असतात. कोल्हा लबाड, मुंगी कष्टाळू, लाकूडतोड्या प्रामाणिक. तिथं पात्र म्हणजे एक गुण आणि त्या गुणाचं फळ. वास्तववादी गोष्टीतला मुलगा आईवर जीव टाकतो आणि तिच्याशी खोटंही बोलतो. मुलं ही गोष्टसुद्धा जुन्याच सवयीनं वाचतात, एक गुण शोधतात आणि तो सापडला नाही की ‘चांगला’ लिहून मोकळी होतात.

म्हणून एकच गोष्ट धरून चालावं असं माझं ठाम मत आहे. पात्राचं बोलणं आणि वागणं जिथं जुळत नाही, ती जागा मुलांना शोधायला शिकवा. स्वभाव तिथंच दिसतो. बाकीच्या सगळ्या कृती या एका शोधाला मदत म्हणून आहेत.

हाताशी उदाहरण असावं म्हणून एक छोटा उतारा इथंच देत आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या कितीतरी घरांतली कर्ती माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी दूरच्या राज्यांत असतात. तुमच्या खटाव-माणमधल्या मुलांनाही हे नवीन नाही, म्हणून पार्श्वभूमी समजावण्यात वेळ जाणार नाही.

‘बेंदूर उद्यावर आला होता. संजूनं फोन कानाला धरला होता. पलीकडून पप्पा म्हणाले, “दुकानात माणूस न्हाई रे. औंदा जमंल असं वाटत न्हाई.”

“चालतंय की,” संजू म्हणाला. “बैल रंगवायला मला काय माणूस लागत न्हाई आता.”

फोन ठेवून तो गोठ्याकडं गेला. पिंकी मागनं आली. “दादा, पप्पा येणार न्हाईत?”

“तुला कुणी सांगितलं? सारखं मधी मधी करू नगं. जा घरात!”

पिंकीचं तोंड एवढंसं झालं. ती गेली.

संजूनं रंगाचा डबा उघडला. डावं शिंग बुडापासून टोकापर्यंत निगुतीनं रंगवलं. मग डबा झाकून ठेवला.

दिवेलागणीला आजी धार काढायला आली. तिनं एका शिंगाकडं बघितलं, दुसऱ्याकडं बघितलं. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “एक वाळल्याबिगार दुसऱ्याला हात लावू नये. सकाळच्या यष्टीपतोर वाळंल.”

संजूनं मान हलवली आणि वैरण टाकायला वळला. रात्री जेवताना त्यानं आपल्या वाट्याची साय पिंकीच्या ताटात सरकवली आणि खाली मान घालून जेवत राहिला.’

उतारा मुद्दाम लहान आहे. पाचवीसाठी प्रत्यक्ष वर्गात पाचशे ते आठशे शब्दांची गोष्ट घ्या. निवडताना तीन गोष्टी तपासा. नाव असलेली पात्रं चारपेक्षा जास्त नकोत. गोष्टीत कुणाला तरी काहीतरी हवं असलं पाहिजे आणि ते सहज मिळता कामा नये. आणि लेखकानं ‘तो फार मानी होता’ असं स्वतःच सांगून टाकलेलं नसावं. तसं सांगितलेलं असेल तर मुलांना शोधायला काही उरत नाही, ती वाक्य उतरवतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीव्हीवरवर मराठी गोष्टी वाचनपातळीप्रमाणे लावलेल्या आहेत. या कामासाठी तिसऱ्या-चौथ्या पातळीच्या गोष्टी बघा. पाठ्यपुस्तकातली गोष्ट चालते, पण स्वाध्यायातले प्रश्न या कामाच्या वेळी बाजूला ठेवा.

एका गोष्टीला चार तासिका लागतात. त्या एका आठवड्यात संपवा. मध्ये सुट्टी आली की धागा तुटतो.

पहिल्या तासिकेत गोष्ट तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचा, न थांबता, एकदा. संवाद संवादासारखे वाचा, पण नाटकी आवाज काढू नका. तुम्ही ‘चालतंय की’ रडवेल्या आवाजात वाचलंत, तर मुलांनी शोधायची गोष्ट तुम्हीच सांगून टाकलीत. कठीण शब्द आधी सांगायचे असतील तर तीन-चारच. मग ‘काय काय झालं?’ हे पाच मिनिटांत तोंडी घ्या. हा टप्पा गाळू नका. ज्या मुलाला घटनाक्रमच धड लागलेला नाही तो स्वभावाबद्दल अंदाजानं काहीही बोलतो, आणि आपल्याला वाटतं की त्याला पात्र कळलं नाही.

मग दुसरं वाचन, प्रत दोघांत एक. आता तीन ठिकाणी थांबायचं. या उताऱ्यात त्या जागा म्हणजे ‘जा घरात!’, ‘डबा झाकून ठेवला’ आणि आजीचं बोलणं. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, ‘इथं काही खटकलं का?’ ‘संजूला काय वाटलं असेल?’ असं अजून विचारू नका. खटकलेली वाक्यं पेन्सिलीनं अधोरेखित करायची आणि पुढं जायचं. उत्तरं आज नकोत.

प्रश्न विचारल्यावर थांबायला शिका, हे मी शिक्षकांना सगळ्यात आधी सांगेन. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण करून दाखवलं की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतः बोलू लागतात किंवा दुसऱ्या मुलाकडं वळतात. ही वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मनात सावकाश पाच अंक मोजा. शांतता अवघड वाटते, पण स्वभावाचा प्रश्न हा आठवणीचा प्रश्न नाही. त्याला वेळ लागतोच.

दुसरी तासिका पुराव्याची. फळ्यावर तीन रकाने आखा. पहिल्यात ‘गोष्टीत काय लिहिलंय’, दुसऱ्यात ‘मला आधीपासून काय माहीत आहे’, तिसऱ्यात ‘म्हणून मला काय वाटतं’. एक ओळ तुम्ही करून दाखवा. पहिल्या रकान्यात ‘डावं शिंग रंगवलं. मग डबा झाकून ठेवला.’ दुसऱ्यात ‘बेंदराला बैलाची दोन्ही शिंगं रंगवतात. एक रंगवून कुणी सोडत नाही.’ तिसऱ्यात ‘दुसरं शिंग त्यानं कुणासाठी तरी ठेवलंय.’ नंतर प्रत्येक जोडीनं दोन ओळी करायच्या. पंचवीस मिनिटांत दोनच, जास्त नकोत.

इथं हमखास बिघडतं ते असं. पहिल्या रकान्यात मुलं स्वतःच्या शब्दांत लिहितात, ‘संजू पिंकीवर चिडला’. ‘चिडला’ हा अर्थ झाला, पुरावा नाही. गोष्टीतलं वाक्य जसंच्या तसं, अवतरण चिन्हांत, उतरवायला लावा. दुसरा रकाना मुलं रिकामा सोडतात किंवा पहिलाच पुन्हा लिहितात. त्यांना आपल्याला माहीत असलेल्या गोष्टी ‘अभ्यासात चालतात’ हेच पटत नाही. म्हणून पहिल्या दोन गोष्टींत हा रकाना सगळ्यांनी मिळून तोंडी भरा. तिसऱ्यात काही मुलं थेट विशेषण टाकतात. त्यांना म्हणा, ‘आज गुण नको, वाक्य हवं. संजूच्या मनात काय चाललंय ते वाक्यात सांग.’

दुसऱ्या रकान्याबद्दल एक काळजी मात्र घ्याच. तुमच्या वर्गात अशी मुलं असतील ज्यांचे वडील खरंच लांब आहेत, किंवा नाहीतच. ‘तुमच्यापैकी कुणाचे वडील बाहेरगावी असतात?’ असा प्रश्न चुकूनही नको. ‘तुझ्या घरी असं झालं तर?’ हाही नको. ‘पाहिलेलं, ऐकलेलं, वाचलेलं’ एवढंच म्हणा. ज्याला स्वतःचं सांगायचंय तो सांगेल. पात्राबद्दल बोलण्याचा मोठा फायदाच हा आहे की मुलाला स्वतःबद्दल न बोलता त्या भावनेबद्दल बोलता येतं. तो आडोसा आपण काढून घेऊ नये.

याच कारणानं ‘तू संजूच्या जागी असतास तर काय केलं असतंस?’ हा सर्वांचा आवडता प्रश्न मी उशिरा, अगदी शेवटी ठेवायला सांगेन. तो लवकर विचारला की मूल संजूला सोडून देतं आणि आदर्श विद्यार्थ्याचं उत्तर देतं, ‘मी बहिणीवर रागावलो नसतो.’ त्याऐवजी विचारा, ‘कोणाला काय माहीत आहे?’

हा प्रश्न या सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो आहे. हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर यांनी १९८३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर माक्सी कुठं शोधेल? तीन वर्षांची मुलं ‘जिथं आता आहे तिथं’ असं सांगतात. चार-पाच वर्षांच्या पुढची बहुतेक मुलं सांगतात की तो जुन्याच जागी शोधेल, कारण त्याला माहीत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यात वेगळी माहिती असू शकते, हे शाळेत येणाऱ्या मुलाला कळत असतं. ‘अमक्याला काय वाटतं, हे तमक्याला माहीत आहे का?’ ही त्याच्या वरची पायरी. ती साधारण सहा-सात वर्षांनंतर येऊ लागते. पाचवीच्या मुलात ही ताकद असते. फक्त छापलेल्या गोष्टीवर ती वापरायची असते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून फळ्यावर चार नावं लिहा आणि प्रत्येकापुढं दोन गोष्टी भरा, या माणसाला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही. पप्पांना संजूचे शब्द माहीत आहेत. एकच शिंग रंगवलंय हे त्यांना माहीत नाही, त्यामुळं पोरगं मोठं झालं असं त्यांना वाटलं असेल. पिंकीला आपण का बोलणी खाल्ली ते माहीत नाही. आजीनं फोनवरचं बोलणं ऐकल्याचं गोष्टीत कुठंच नाही, पण तिनं शिंगं बघितली आहेत. आणि मग अवघड प्रश्न, आपण वाट बघतोय हे आजीनं ओळखलंय, हे संजूला कळलं का? वर्गात दोन तट पडतात. एक म्हणतो कळलं, कारण आजीनं यष्टीचं नाव काढलं आणि त्यानं मान हलवली. दुसरा म्हणतो नाही, त्यानं नुसती मान हलवली, काही न बोलता वैरण टाकायला वळला. दोन्ही बाजूंना पुरावा आहे. अशा वेळी निकाल देऊ नका. ‘गोष्टीत याचं उत्तर लिहिलेलं नाही. तुमच्याकडं जे वाक्य आहे ते दाखवा,’ एवढंच म्हणा. मुलांना सुरुवातीला हे आवडत नाही. ती तुमच्या तोंडाकडं बघतात, बरोबर उत्तर कोणतं म्हणून. पहिल्या दोन गोष्टींत हे होणारच.

आजीच्या वाक्यावर जरूर रेंगाळा. रंगाबद्दल तिनं सांगितलेला नियम खरा आहे का? मुलंच सांगतील, एक शिंग वाळेपर्यंत दुसरं थांबवायची काही गरज नसते. मग ती तसं का म्हणाली? या एका प्रश्नातून ‘ती प्रेमळ आहे’ याच्या कितीतरी पुढं जाता येतं. तिनं त्याला थांबण्यासाठी कारण दिलं आणि त्याचा मानही राखला. एवढं पाचवीतली मुलं स्वतःच्या शब्दांत सांगतात. त्यासाठी घाई मात्र करायची नाही.

तिसऱ्या तासिकेत आता विशेषणं आणा. ‘चांगला’ आणि ‘वाईट’ यांवर बंदी घालण्यापेक्षा शब्द पुरवा. मुलांच्या कानावर असलेले शब्द बरेच असतात, वहीत ते येत नाहीत इतकंच. हट्टी, मानी, भिडस्त, सोशिक, तिरसट, घुमा, हळवा, चिवट, धांदरट, बोलघेवडा, आगाऊ, धोरणी, लहरी, कोडगा, मनमोकळा, आतल्या गाठीचा. असे वीस-बावीस शब्द जाड कागदाच्या पट्ट्यांवर लिहून दोरीला अडकवून ठेवा आणि दर गोष्टीला दोन-तीन वाढवा. एकदम पन्नास शब्द दिले की मुलं चिठ्ठी काढल्यासारखी उचलतात.

स्वभाव आणि त्या वेळची भावना यांची गल्लत सगळ्यात जास्त होते. ‘संजू रागीट आहे’ असं अर्धा वर्ग लिहील. एक साधा नियम लावा. एकाच ठिकाणी दिसलं तर ती भावना. दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या माणसांसमोर दिसलं तर स्वभाव म्हणायला हरकत नाही. राग एकदाच दिसतो, पिंकीवर. मनातलं न बोलणं मात्र तीनदा दिसतं, पप्पांसमोर, आजीसमोर आणि जेवताना. म्हणजे कुठला शब्द टिकतो ते मुलांना आपोआप दिसतं. उताऱ्याएवढ्या गोष्टीत हा नियम थोडा ताणला जातो हे खरं, पण पाचशे शब्दांच्या गोष्टीत तो चांगला चालतो.

मग शेजारी-शेजारी बसणारे शब्द घ्या. मानी आणि गर्विष्ठ. काटकसरी आणि चिकट. धीट आणि आगाऊ. विचारा, आजी संजूला कोणता शब्द वापरेल आणि पिंकी कोणता? आजी ‘मानी’ म्हणेल, पिंकी ‘तिरसट’. दोघींचं खरं असू शकतं. कोण बघतंय त्यावर शब्द बदलतो, हे एकदा कळलं की पुढं मी-निवेदनाच्या गोष्टीत, जिथं सांगणारा स्वतःचीच बाजू सांगत असतो तिथं, ही समज कामी येते.

आणखी एक गल्लत वास्तववादी गोष्टीतच होते, ती स्वभाव आणि परिस्थितीची. मुलं पप्पांवर लगेच शिक्का मारतात, ‘पप्पा पैशाच्या मागं आहेत’. पुरावा मागा. ‘दुकानात माणूस न्हाई’ एवढंच वाक्य आहे. मग विचारा, दुकानात माणूस असता तर ते आले असते का? गोष्टीत ‘येणार नाही’ म्हटलंय की ‘जमंल असं वाटत न्हाई’? माणूस एखादी गोष्ट करत नाही ती मनात नाही म्हणून, की हात बांधलेले आहेत म्हणून, हा फरक तिसरी-चौथीपासून दाखवता येतो. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यांच्या परिसरातल्या शाळांत बाहेरच्या जिल्ह्यांतली मुलं येतात. शाळा बुडवणाऱ्या पात्राला ‘आळशी’ म्हटलेलं तीही ऐकत असतात. तिथं तर हा प्रश्न सोडूच नका.

बोलीभाषेचंही तसंच. सातारा-सांगलीकडची मुलं पुस्तकात ‘न्हाई’, ‘औंदा’ वाचलं की हसतात. थोडी मोठी मुलं त्याहून वाईट करतात, बोली बोलणारं पात्र अडाणी किंवा विनोदी आहे असं गृहीत धरतात, घरी स्वतः तसंच बोलत असूनही. वाचनाआधी एकच वाक्य सांगा, ‘ही माणसं घरात बोलतात तशी बोलली आहेत, बोलण्यावरून हुशारी ठरवायची नाही.’ आणि कुणी ‘अडाणी’ लिहिलं तर नेहमीसारखा पुरावा मागा. भाषेशिवाय दुसरा पुरावा मिळत नाही हे त्यालाच दिसेल. जतकडच्या ज्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात, त्यांना मनातला शब्द आधी कन्नडमध्ये बोलू द्या. त्यांच्यासाठी पात्र समजणं सोपं असतं, मराठी विशेषण अवघड असतं. त्या दोन अडचणी एक समजू नका.

चौथ्या तासिकेत आधी पात्राची मुलाखत घ्या. एक मूल संजू होऊन खुर्चीत बसतं, बाकीचे प्रश्न विचारतात. वेळ आठ मिनिटं, त्याहून जास्त नको, कारण नंतर हशा सुरू होतो. प्रश्न ‘का’नं सुरू झाला पाहिजे. ‘तुझा आवडता रंग कोणता?’ असले प्रश्न बाद. खुर्चीतल्या मुलाला ‘मला सांगायचं नाही’ म्हणायची मुभा द्या. संजूसारख्या पात्राला ते शोभतंही. मुलाखत संपली की प्रत्येक उत्तर घेऊन वर्गाला विचारा, हे गोष्टीतून आलं, गोष्टीशी जुळतं पण नवीन आहे, की गोष्टीच्या विरुद्ध आहे? हा भाग गाळला तर मुलाखत म्हणजे नुसतं नाटक उरतं. बोलक्या मुलांनाच दरवेळी खुर्ची मिळणार नाही याकडं लक्ष ठेवा. आजीची मुलाखत एखाद्या शांत मुलीला द्या.

उरलेल्या वेळेत लेखन, पाच-सहा वाक्यं. अडणाऱ्या मुलांना सांगाडा द्या, ‘… असं म्हणतो, पण … असं करतो. यावरून वाटतं की …’ हा सांगाडा दोन गोष्टींपुरताच. नंतर काढून घ्या, नाहीतर सगळ्या वह्या सारख्या होतात. सुरुवातीचं उत्तर साधारण असं असतं. ‘संजू समजूतदार मुलगा आहे. त्याने वडिलांना त्रास दिला नाही. आपण संजूसारखे वागावे.’ या चार तासिकांनंतर हवं ते असं. ‘संजू मानी आहे. “मला काय माणूस लागत न्हाई” असं तो पप्पांना म्हणतो, पण एकच शिंग रंगवून थांबतो. त्याला पप्पांनी यावं असं वाटतं, पण तो बोलून दाखवत नाही. पिंकीवर तो ओरडतो, तरी रात्री तिला स्वतःची साय देतो. त्याला आपलं चुकलं ते कळतं, पण तोंडानं म्हणता येत नाही.’ प्रत्येक वाक्याखाली गोष्टीतली जागा दाखवता येते का, एवढंच तपासा. शुद्धलेखनाच्या चुका त्याच वेळी लाल शाईनं काढल्या तर पुढच्या वेळी मूल सोपे, खात्रीचे शब्दच वापरेल आणि ‘चांगला’ परत येईल. त्या दुसऱ्या दिवशी घ्या.

‘यातून आपल्याला बोध मिळतो की’ हे वाक्य बरीच मुलं शेवटी लिहितील. रागावू नका, आपणच शिकवलंय. त्याऐवजी शेवटचा प्रश्न बदला, ‘गोष्ट संपल्यावर संजूबद्दल तुला अजून काय कळलेलं नाही?’ या प्रश्नाला तात्पर्य जोडता येत नाही.

पात्र बदलतं का, हाही प्रश्न नेहमी येतो आणि मुलं ‘तो सुधारला’ लिहितात. त्यासाठी गोष्टीच्या तीन जागा घ्या, सुरुवात, मध्य, शेवट. प्रत्येक ठिकाणी ‘त्याला काय हवंय?’ आणि ‘ते मिळवायला तो काय करतो?’ एवढं लिहायचं. हवं असलेलं तेच राहिलं आणि करणं बदललं, किंवा उलट झालं, की बदल दिसतो. काहीच बदललं नाही तर तसं लिहायची परवानगी द्या. या उताऱ्यात संजू फारसा बदलत नाही. एका दिवसात माणूस बदलावा अशी अपेक्षा वास्तववादी गोष्टीकडून करायची नसते.

तुमच्याकडं द्विशिक्षकी शाळा असेल आणि तिसरी ते पाचवी एकत्र बसत असतील, तर गोष्ट एकच ठेवा आणि प्रश्न वेगळे करा. तिसरीला ‘संजूला काय हवंय आणि ते का मिळत नाहीये?’ चौथीला तीन रकान्यांतली एक ओळ. पाचवीला कोणाला काय माहीत याचा तक्ता आणि लेखन. पहिली-दुसरीला चित्र दाखवून चेहऱ्यावरून भावना ओळखणं आणि ‘कशावरून?’ हा एक शब्द विचारण्याची सवय, एवढं पुरे. सहावी-सातवीत गेल्यावर दोन पात्रांची तुलना आणि निवेदकावर किती विश्वास ठेवायचा, हे वाढवा.

मूल्यमापनाला शिकवलेली गोष्ट वापरू नका, मुलं फळ्यावरचं पाठ करतात. दोनशे शब्दांचा नवा उतारा द्या, एकच प्रश्न, ‘हे माणूस कसं आहे? गोष्टीतली वाक्यं देऊन लिही.’ नोंदवहीत चार पायऱ्या ठेवा. नुसती घटना सांगतो. विशेषण देतो, पुरावा नाही. विशेषण आणि एक पुरावा देतो. दोन पुरावे देतो आणि न जुळणारी गोष्टही टिपतो. महिन्यातून एकदा ही नोंद घेतली तरी पुरते. दुसऱ्या पायरीवर अडलेल्या मुलांबरोबर पुढच्या गोष्टीत तुम्ही स्वतः बसा आणि फक्त पहिला रकाना भरून घ्या. चौथ्या पायरीवर पोचलेल्यांना त्याच गोष्टीतलं सगळ्यात कमी बोलणारं पात्र द्या. इथं ती पिंकी आहे. तिच्या वाट्याला बोललेलं एकच वाक्य आलंय, त्यामुळं जे काही सापडेल ते बाकीच्यांच्या वागण्यातूनच काढावं लागेल.